शिपिंग 'अंदाजे' सांगताय? मग वरचे पैसे कोण भरतंय ते बघा



घरून मसाले, लोणची, फराळ, साबण, ड्रेस मटेरियल विकणाऱ्या कुणाचंही व्हॉट्सॲप उघडा. एक वाक्य हमखास सापडतं: "ताई, फराळाचे ९०० आणि शिपिंग अंदाजे ११५." ग्राहक १०१५ रुपये लगेच पाठवतो. आपण पार्सल रवाना करतो. आणि आठ-दहा दिवसांनी कुरिअरच्या हिशोबात त्याच पार्सलपुढे २१८ रुपये कापलेले दिसतात.

आता काय करायचं? बहुतेक जण गप्प बसतात. "जाऊ दे, एखाद्या ऑर्डरला होतं असं." काही जण ग्राहकाला मेसेज करतात, "सर, शिपिंग थोडं जास्त लागलं, वरचे १०३ पाठवता का?" तो पाठवतोही कधी कधी, पण पुढची ऑर्डर मात्र येत नाही. आणि तिसरे असे असतात की एकदा चटका बसल्यावर सगळ्यांनाच सरसकट २५० शिपिंग सांगायला लागतात. मग गिऱ्हाईक "बघून सांगतो" म्हणतं आणि ते बघणं काही संपत नाही.

माझं म्हणणं असं आहे की हा फरक नशिबाचा नाही. कुरिअरवाला लुबाडतोय म्हणूनही तो दरवेळी पडत नाही. त्याची कारणं ठरलेली आहेत, ती घरच्या टेपने आणि वजनकाट्याने मोजता येतात. आणि मोजता येतात तर पैसे घेण्याआधी मोजायची, नंतर नाही.

१०३ रुपये गेले कुठे?

एक उदाहरण पूर्ण सोडवू. समजा, साताऱ्यातल्या एक ताई दिवाळीचा फराळ विकतात. अर्धा किलो पातळ पोह्यांचा चिवडा, अर्धा किलो चकली, अर्धा किलो शंकरपाळी. ऑर्डर नागपूरची. कुरिअरचा दर आपण हिशोबापुरता धरू: पहिल्या ५०० ग्रॅमला ४५ रुपये, पुढच्या प्रत्येक ५०० ग्रॅमला ३५. (तुमचा दर वेगळा असेल, तुमच्या रेट कार्डावरून आकडे बदलून घ्या.)

ताईंनी हिशोब केला: माल दीड किलो. ४५ अधिक ३५ अधिक ३५, म्हणजे ११५. गणित बरोबर आहे, पण तीन गोष्टी राहिल्या.

पहिली, जीएसटी. कुरिअर सेवेवर १८ टक्के लागतो आणि बहुतेक रेट कार्डांवर दर त्याशिवायचे छापलेले असतात. ११५ चे झाले १३५ रुपये ७० पैसे. म्हणजे २० रुपये ७० पैसे इथेच गेले.

दुसरी, पॅकिंगचं वजन. माल दीड किलो, पण डबे, बबल रॅप, खोका, टेप धरून पार्सल भरलं १ किलो ८०० ग्रॅम. कुरिअर ५०० ग्रॅमच्या टप्प्यांनी पैसे घेतो. दीड किलोच्या वर १० ग्रॅम गेलं तरी पूर्ण दोन किलोचा टप्पा लागतो. म्हणजे आणखी ३५ आणि त्यावरचा जीएसटी, ४१ रुपये ३० पैसे.

तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त लोकांच्या लक्षात येत नाही. आकारमानाचं वजन, कुरिअरच्या भाषेत व्हॉल्युमेट्रिक वजन. चिवडा हलका, पण जागा खातो. गाडीत आणि विमानात जागा संपते, वजन नाही, म्हणून कुरिअर कंपन्या खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये घेऊन त्यांचा गुणाकार करतात आणि साधारणपणे ५००० ने भागतात. येणारा आकडा किलोमध्ये. काट्यावरचं वजन आणि हे वजन, यातलं जे जास्त असेल त्याचे पैसे लागतात. ताईंचा खोका ३२ बाय २४ बाय १६. गुणाकार १२,२८८, भागिले ५०००, म्हणजे २.४६ किलो. टप्पा लागला अडीच किलोचा. पुन्हा ४१ रुपये ३० पैसे.

बेरीज करा: २०.७० अधिक ४१.३० अधिक ४१.३०. बरोबर १०३ रुपये ३० पैसे. या ऑर्डरमध्ये ताईंचा नफा समजा १८० रुपये होता. त्यातले ७६ रुपये ७० पैसे उरले. चार दिवस तळणात गेले, ते यासाठी.

इथे एक सांगून ठेवतो. तो ५००० चा आकडा सगळीकडे सारखा नसतो. काही ठिकाणी ४५००, काही ठिकाणी ४००० ने भागतात. भाजक लहान झाला की वजन वाढतं. त्यामुळे कुरिअरशी बोलताना फक्त "किलोला किती?" विचारू नका, "कितीने भागता?" हेही विचारा. समोरचा माणूस लगेच जरा सरसावून बसतो, हा माझा अनुभव आहे.

खोका हेच तुमचं रेट कार्ड

आता हाच माल ताईंनी २८ बाय २० बाय १४ च्या खोक्यात बसवला तर? गुणाकार ७,८४०, भागिले ५०००, म्हणजे १.५७ किलो. काट्यावरचं वजन १.८ किलो, तेच मोठं. टप्पा दोन किलोचा. ४५ अधिक १०५, म्हणजे १५०, जीएसटी धरून १७७. माल तोच, गाव तेच, कुरिअर तोच, फक्त खोका बदलला आणि पार्सलमागे ४१ रुपये ३० पैसे वाचले. दिवाळीत अशी १०० पार्सलं जात असतील तर ४,१३० रुपये. एवढ्यात पुढच्या वर्षीचे खोके येतील.

उलटंही होतं. जुन्याच खोक्यात कागद कोंबून तो फुगवला, वर टेपचे सहा वेढे दिले, आणि प्रत्येक बाजू एकेक सेंटीमीटरने वाढली. ३३ बाय २५ बाय १७. गुणाकार १४,०२५, वजन २.८१ किलो, टप्पा तीन किलोचा. एका सेंटीमीटरच्या फुगवट्याने ४१ रुपये. कुरिअरच्या मोठ्या केंद्रांवर मशीन पार्सल मोजतं आणि ते खोक्याचा सगळ्यात बाहेर आलेला भाग धरतं. तुम्ही खोकेवाल्याकडून आणलेलं माप आतलं होतं की बाहेरचं, हेही तपासा, कारण पुठ्ठ्याची जाडी त्यात येते.

म्हणून माझा सल्ला असा की दहा प्रकारचे खोके ठेवू नका. तीन मापं पक्की करा. प्रत्येक मापाचा खोका मालाने भरून, टेप लावून, पत्ता चिकटवून, म्हणजे अगदी रवाना करायच्या अवस्थेत एकदा मोजा आणि वजन करा. तो आकडा मार्करने पॅकिंगच्या टेबलासमोर भिंतीवर लिहा. यापुढे ग्राहक "शिपिंग किती?" विचारेल तेव्हा तुम्ही मालाचं वजन आठवायचं नाही, "कोणता खोका?" एवढंच बघायचं.

खोकाच न वापरणाऱ्यांसाठी, म्हणजे मसाल्याची पाकिटं कुरिअरच्या पिशवीतून पाठवणाऱ्यांसाठी, टप्प्यांची गंमत वेगळी आहे. समजा पाकीट भरून २१० ग्रॅम आणि बाहेरची पिशवी ३० ग्रॅम. एक पाकीट २४० ग्रॅम, दोन पाकिटं ४५० ग्रॅम. दोन्हींना शिपिंग एकच, ५३ रुपये १० पैसे. तिसरं पाकीट टाकलं की ६६० ग्रॅम, एकदम ९४ रुपये ४० पैसे. आणि चौथं? ८७० ग्रॅम, पुन्हा तेच ९४ रुपये ४० पैसे. म्हणजे ऑफर द्यायची तर दोनची द्या किंवा चारची द्या. "तीनवर एक फ्री" ही ऑफर सगळे देतात, पण "एक पाकीट घेतलंत, दुसऱ्याला शिपिंग लागणार नाही" ही ऑफर तुमच्या खिशातून एक पैसा न काढता देता येते आणि ती शंभर टक्के खरी असते.

पिनकोड, आणि बाकीचे बारीक आकार

अंतराचं बहुतेकांना माहीत असतं, म्हणून थोडक्यात. कुरिअरचे विभाग असतात: शहरातल्या शहरात, राज्यात, महानगर ते महानगर, उरलेला भारत, आणि ईशान्येकडची राज्यं व जम्मू-काश्मीरसारखा वेगळा दर असलेला भाग. नाव मोठ्या शहराचं असलं तरी पिनकोड आडबाजूचा असेल तर दूरच्या डिलिव्हरीचा जादा आकार बसू शकतो. काही कुरिअर इंधनाचा अधिभार वेगळा लावतात. त्यामुळे भाव सांगण्याआधी शहर विचारू नका, पिनकोड विचारा.

आणि पोस्टाला विसरू नका. पोस्टाच्या काउंटरवर वजन तुमच्या डोळ्यांसमोर होतं, पैसे तिथेच भरता, पावती हातात येते. जे लागलं ते त्याच मिनिटाला कळतं, दहा दिवसांनी वॉलेटमधून दुसऱ्यांदा पैसे कापले असं होत नाही. महिन्याला वीस-पंचवीस पार्सलं असणाऱ्या नवीन उद्योजकाला मी सुरुवात बऱ्याचदा तिथूनच करायला सांगतो. रांगेत वेळ जातो हे खरं आहे.

दर कुठून काढायचा? मागच्या बिलांतून

आता मुख्य काम. ग्राहकाला सांगायचा दर डोक्यातून काढायचा नाही, शेजारच्या ब्रँडचा बघूनही नाही. तुमची मागची तीस-चाळीस पार्सलं घ्या आणि प्रत्येकापुढे प्रत्यक्ष कापलेली रक्कम लिहा.

समजा ४० पार्सलांचे ४,९२० रुपये गेले. सरासरी १२३. पुष्कळ जण इथे थांबतात आणि सरसकट १२५ लावून टाकतात. थांबू नका. त्यातली २८ पार्सलं महाराष्ट्रातली होती, त्यांचे गेले २,८००, म्हणजे सरासरी १००. बाहेरच्या राज्यांतली १२, त्यांचे २,१२०, म्हणजे साधारण १७७. १२५ चा एकच दर लावला तर पुण्याचं गिऱ्हाईक २५ रुपये जास्त भरतंय आणि बंगळुरूच्या प्रत्येक पार्सलमागे तुमचे ५२ जातायत. आज जमून जातं, कारण महाराष्ट्राची संख्या जास्त आहे. पण तुमची एखादी रील बंगळुरू-हैदराबादच्या मराठी मंडळींत फिरली आणि ऑर्डरींचं प्रमाण उलटलं की त्याच १२५ मध्ये भोक पडतं. विक्री वाढली, पैसे दिसत नाहीत, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांची वही उघडली की अनेकदा हेच निघतं.

दोन दर करा. महाराष्ट्रात ११०, बाहेर १९०. मागच्याच ४० पार्सलांवर लावून बघा: २८ गुणिले ११० म्हणजे ३,०८०, १२ गुणिले १९० म्हणजे २,२८०, एकूण ५,३६०. खर्च ४,९२०. वर उरले ४४०. हा नफा नाही बरं का. ही गंगाजळी आहे. एखादं पार्सल परत येईल, एखाद्याचा टप्पा वाढेल, तेव्हा ते पैसे इथून जातील. वहीत त्याचं पान वेगळं ठेवा. तीन महिन्यांनी ही रक्कम फुगत चालली असेल तर दर पाच-दहा रुपयांनी उतरवा, आटत असेल तर चढवा.

"फ्री शिपिंग देऊ का?" हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो. द्या, पण मग ते किमतीत टाकलेलं असलं पाहिजे आणि ठरावीक रकमेच्या वरच द्या. २०० रुपयांच्या मसाल्यावर ५३ रुपयांचं शिपिंग तुम्ही भरलंत तर विक्रीतला चौथा हिस्सा रस्त्यावर गेला. ती रक्कम किती ठेवायची, तर जिथे तुमच्या ऑर्डरमधल्या नफ्यातून शिपिंग वजा करूनही तुम्हाला समाधान वाटेल असा आकडा उरतो, तिथे.

'अंदाजे' हा शब्द काढून टाका

ग्राहक जेव्हा "अंदाजे ११५" ऐकतो, तेव्हा त्याला ११५ ऐकू येतं. 'अंदाजे' तुमच्या कानात राहतं, त्याच्या नाही. म्हणून शिपिंगबद्दल बोलण्याच्या दोनच पद्धती ठेवा, तिसरी नको.

रोजच्या ऑर्डरींसाठी ठरलेला दर. मेसेज असा: "फराळ बॉक्स ९००, शिपिंग महाराष्ट्रात ११०, एकूण १०१०. यावर वेगळं काही लागणार नाही." (हा ११० चा दर वरच्या उदाहरणातला, तुमच्या खोक्याचा तुम्ही काढा.) एकदा हे लिहिलं की तुम्हाला ८० लागो नाहीतर १५०, तो तुमचा हिशोब. ८० लागले तर ३० परत करायची गरज नाही, कारण तुम्ही ठरलेला दर सांगितला होता. आणि १५० लागले तर मागायचेही नाहीत.

मोठ्या किंवा विचित्र ऑर्डरींसाठी कमाल मर्यादा. लग्नाच्या रिटर्न गिफ्टचे ६० बॉक्स इंदूरला, किंवा अडीच फुटांची पैठणीची फ्रेम, असलं काही आलं की ठरलेला दर चालत नाही. तिथे आधी पॅक करून मोजायचं, दोन ठिकाणांहून भाव घ्यायचा आणि मग लिहायचं: "शिपिंग प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे, जास्तीत जास्त २,४०० रुपये. कमी लागलं तर उरलेली रक्कम पार्सल पोचल्यापासून तीन दिवसांत परत. हा भाव शनिवारपर्यंत." आता २,१५० लागले तर २५० रुपये बिलाच्या फोटोसकट परत करा. यूपीआयवर दहा सेकंदांचं काम आहे. वरचे पैसे मागायला गेलेला माणूस आणि न मागता २५० परत करणारा माणूस, यांपैकी कुणाचा नंबर ते कुटुंब पुढच्या मुंजीला शोधेल, सांगायला नको. फक्त 'प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे' लिहून उरलेले पैसे खिशात ठेवायचे नाहीत. तो खोटा व्यवहार झाला.

यात कायद्याचीही बाजू आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार मार्केटप्लेसवर विकणाऱ्याने एकूण किंमत एका आकड्यात आणि डिलिव्हरी, पोस्टेज, कर यांची फोड दाखवणं अपेक्षित आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 'डार्क पॅटर्न'बद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात तेरा प्रकार सांगितलेत. त्यातला एक म्हणजे ड्रिप प्रायसिंग: किंमत आधी पूर्ण न सांगणं, किंवा ऑर्डर पक्की झाल्यावर आधी सांगितल्यापेक्षा जास्त रक्कम लावणं. "सर, वरचे १०३ पाठवता का?" हा मेसेज त्याच्या किती जवळ जातो ते बघा. मोठ्या कंपन्यांसाठी असतं हे सगळं, असं समजू नका. ती तत्त्वं विक्रेत्यांनाही लागू आहेत.

कॅश ऑन डिलिव्हरी

इथे अंदाज आणि प्रत्यक्ष यातला फरक सगळ्यात मोठा असतो, कारण प्रत्यक्ष खर्च दुप्पटही होऊ शकतो. सीओडीचा आकार वेगळा लागतो, बहुधा एक ठरलेली रक्कम किंवा बिलाचे काही टक्के, यातलं जे जास्त असेल ते. ग्राहकाने पार्सल घेतलंच नाही तर जायचा खर्च आणि यायचा खर्च दोन्ही तुमच्या बोकांडी. साडी परत आली तर पुन्हा विकता येते. चकली पंधरा दिवस फिरून आली तर ती घरच्यांनीच खायची.

मी खाण्याच्या पदार्थांना सीओडी देऊच नका म्हणतो. अगदीच द्यायची असेल तर शिपिंगची रक्कम आधी यूपीआयने घ्या आणि मालाचे पैसे दारात. ज्याने ११० रुपये आधी भरलेत तो माणूस दार उघडतो. ज्याला ११० भरायचे नाहीत, त्याचं पार्सल गेलं नाही तर तुमचं नुकसान काहीच नाही.

महिन्यातून एकदा, एक तास

वहीत किंवा एक्सेलमध्ये प्रत्येक पार्सलला एक ओळ. ऑर्डर नंबर, पिनकोड, खोक्याचं माप, काट्यावरचं वजन, ग्राहकाकडून घेतलेलं शिपिंग, आणि एक रिकामा रकाना. तो रिकामा रकाना महिन्याच्या शेवटी कुरिअरच्या बिलावरून भरायचा. शेवटच्या रकान्यात वजाबाकी.

हे काम कंटाळवाणं आहे, म्हणून लोक करत नाहीत. पण वजाबाकीचे आकडे बोलतात. सगळ्या ओळींत दहा-वीसचा फरक असेल तर दर कमी ठेवलाय. एकाच मापाच्या खोक्याला दरवेळी चाळीस-चाळीस जात असतील तर खोका टप्प्याच्या काठावर आहे, त्याला एक सेंटीमीटरने कापा. आणि सगळं ठीक असताना मध्येच एखाद्या ओळीत १२० चा फरक दिसला, तर बहुतेक वेळा तिकडे वजन चुकीचं नोंदलं गेलंय.

अशा वेळी भांडण करून उपयोग नाही, पुरावा लागतो. पार्सल रवाना करताना दोन फोटो काढायची सवय लावा. एकात पार्सल काट्यावर, आकडा आणि पत्त्याचं लेबल दोन्ही दिसतील असं. दुसऱ्यात टेप लावलेली, तिन्ही बाजू वाचता येतील अशा. कुरिअर एकत्र आणणाऱ्या बहुतेक पॅनेलवर वजनाच्या फरकावर हरकत नोंदवायची सोय असते, पण तिला मुदत असते. ती ओलांडली की रक्कम कायमची गेली. म्हणून हिशोब महिन्याला केला तरी वजनाच्या फरकाची यादी दर सोमवारी उघडून बघा. पाच मिनिटं लागतात.

जीएसटीचं थोडं

ग्राहकाकडून घेतलेलं शिपिंग बिलात दाखवता ना? बरेच जण ते बिलाबाहेर ठेवतात, "ते तर कुरिअरचे पैसे, माझे नाहीत" म्हणून. नोंदणी असेल तर तसं चालत नाही. सीजीएसटी कायद्याच्या कलम १५ प्रमाणे माल पोचवेपर्यंत तुम्ही त्या विक्रीसाठी ग्राहकाला जे लावता, पॅकिंग धरून, ते विक्रीच्या किमतीत येतं. मालावर ५ टक्के असेल तर त्याच बिलातल्या शिपिंगवरही साधारणपणे ५ टक्केच. कुरिअरला दिलेला १८ टक्के तुम्ही नियमित नोंदणीत असाल तर क्रेडिट म्हणून मिळू शकतो. नोंदणी नसेल किंवा कंपोझिशनमध्ये असाल तर तो सरळ खर्च, म्हणून वरची सगळी उदाहरणं मी तो धरूनच केलीत.

आणि एक धोक्याची जागा. फक्त माल विकणाऱ्यांना महाराष्ट्रात नोंदणीची मर्यादा ४० लाखांची आहे हे सगळ्यांना पाठ असतं. पण करपात्र माल राज्याबाहेर विकायचा असेल तर कलम २४ नुसार, काही हस्तकलेच्या वस्तूंसारखे अपवाद सोडले तर, पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. आपल्या साताऱ्याच्या ताईंचं नागपूरचं पार्सल म्हणून बिनघोर. बंगळुरूची पहिली ऑर्डर घेण्याआधी मात्र सीएला फोन करा, शिपिंगचा दर त्यानंतर ठरवा.

परदेशातला फराळ

दिवाळीला दुबई, लंडन, न्यू जर्सीच्या ऑर्डरी येतात. तिथेही खोक्याचा तोच हिशोब, फक्त किलोचा दर कितीतरी पट, त्यामुळे एका सेंटीमीटरची किंमतही तितकीच वाढते. शिवाय कुरिअरच्या बिलात न दिसणारा एक खर्च असतो, तिकडची कस्टम्स ड्युटी. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली ड्युटीची सूट २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद केली. त्याआधीच्या दिवाळीचा दर पुन्हा वापरणाऱ्यांना हा फटका बसतो. म्हणून परदेशी ऑर्डरला मेसेजमध्ये एक ओळ वाढवा: "तिकडे ड्युटी लागली तर ती कोण भरणार" आणि पुढे नाव लिहा, तुमचं किंवा घेणाऱ्याचं. घेणाऱ्याचं असेल तर पैसे घेण्याआधी त्याचा "हो" आलेला असू द्या, कारण पार्सल विमानतळावर अडकल्यावर तो "हो" येत नाही.

दिवाळीचे दर नवरात्र बसायच्या आधी पक्के करा. कुरिअरकडून त्या महिन्याचं रेट कार्ड लेखी मागा, सणाचा जादा आकार आहे का ते विचारा, आणि तिन्ही खोके भरून पुन्हा एकदा काट्यावर ठेवा, कारण खोकेवाल्याने मधल्या काळात पुठ्ठा बदललेला असतो आणि तो सांगत नाही.